डब्यातला रेझिस्टर

(इंदूरमधील ज्येष्ठ मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'घरच्या अलार्म पॅनलची वायरिंग, अथपासून इतिपर्यंत'. वेळ ४० मिनिटं. त्यातली ११ दीपप्रज्वलन आणि माझ्या परिचयात गेली. परिचयात मला 'विद्युत-महर्षी' म्हटलं गेलं. मी पॉलिटेक्निकात ओहमचा नियम शिकवून निवृत्त झालेला मास्तर आहे, दाढीसुद्धा नाही.

हा एक रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला मोजून अडवणारा भाग, पुढच्या रांगेत देतो, हातोहात मागे जाऊ द्या. चष्मा लावून बघा: हिरवा, निळा, तांबडा, शेवटी सोनेरी पट्टा. म्हणजे अडथळा ५,६०० ओहम. काही कंपन्यांच्या पॅनलला वेगळ्या ओहमचा लागतो, पण काम तेच. आज माझं सगळं भांडण हा तांदळाएवढा दाणा कुठे बसवायचा, यावरून आहे.

आपल्या सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात. गर्दीमुळे सोनं राखलं जातं, असं जुने लोक सांगतात. चोरावर भुट्ट्याच्या किसाचा पहारा! बाकी गावाला ही चैन नव्हती. आमच्या गल्लीत रात्री चौकीदार काठी आपटत फिरायचा. आम्ही पोरं त्या आवाजात गाढ झोपायचो. एखाद्या रात्री काठी वाजली नाही, की आजी उठून बसायची. "आज हा मेला का आला नाही?" असं म्हणून ती आधी कडी बघायची. अलार्मची आख्खी विद्या आजीच्या त्या उठून बसण्यात आहे.

कशी ते सांगतो. १८५३ साली बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोपनं विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. त्यात दार उघडलं की सर्किट जुळायचं आणि घंटा वाजायची. छानच. पण अशा रचनेत चोरानं आधी तार कापली तर? घंटा गप्प, घरधनी निवांत. म्हणून पुढे उलटं करतात: दार बंद असताना तारेतून थोडा प्रवाह सतत वाहता ठेवायचा. दार उघडलं किंवा तार कापली, की प्रवाह थांबतो आणि पॅनल जागं होतं. काठी थांबली, आजी उठली. मग चोर शहाणा झाला. तो तार कापत नाही, दोन तारा सोलून एकमेकींना चिकटवतो. प्रवाह चालूच! त्यावरचा उतारा म्हणजे तुमच्या हातातला तो दाणा. तो तारेच्या पार शेवटी, दारापाशी बसवायचा. पॅनलला ५,६०० ओहम दिसले तर सगळं ठीक. अनंत दिसले तर दार उघडलं किंवा तार तुटली. शून्य दिसलं तर कुणीतरी तारा जोडल्या.

आता माझं दुखणं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात भाच्याच्या मुंजीला आम्ही पुण्याला गेलो. तुळशीला पाणी घालायला थोरल्या वहिनी येणार होत्या. त्यांना अलार्मची धास्ती. मागचं दार उघडलं की पॅनल ३० सेकंद टीं-टीं करेल, तेवढ्यात चार आकडे दाबायचे, हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. आकड्यांची चिठ्ठी बटव्यात. ऐन मुहूर्ताच्या वेळी त्यांचा फोन: "भाऊजी, तुमचं यंत्र काही बोलतच नाही हो. मी तीनदा दार उघडलं, तीनदा लावलं. आता आकडे दाबू की नको?" मागे मंगलाष्टकं, पुढे वहिनी, आणि मी मांडवात ओहमचा नियम आठवत उभा.

परत आल्यावर पॅनलचा डबा उघडला. पाचही झोनचे, म्हणजे पॅनलला येणाऱ्या वेगवेगळ्या तारांच्या जोड्यांचे, पाच रेझिस्टर आतच, एका ओळीत, तोरणासारखे. मागच्या दाराची वायर चौकटीलगतच्या पट्टीतून गेलेली, आणि त्या पट्टीत एक खिळा. खिळ्यानं दोन्ही तारा आत जोडून टाकल्या होत्या. दार उघडा, लावा, काढून न्या, पॅनलला आपल्या पोटातले ५,६०० ओहम दिसत होते आणि ते हिरवा दिवा दाखवत होतं. खिळा कुणाचा? माझाच. जानेवारीत कालनिर्णय लावायला ठोकला होता. चार महिने माझं मागचं दार भगवंताच्या भरवशावर.

पॅनल बसवणाऱ्या मुलाला बोलावलं. "सर, कितनी सफाई से किया है, देखिए," म्हणाला. मी म्हटलं, दाराशी का नाही लावले? तर तो म्हणतो, "आप ही ने पढ़ाया था सर, सीरीज में रेझिस्टर कहीं भी लगाओ, टोटल वही आता है." मंडळी, माझाच विद्यार्थी निघाला! आणि फळ्यावर ते खरंच आहे. फळ्यावरच्या तारेत कुणी कालनिर्णय लावत नाही.

चिठ्ठी आली, '५ मिनिटे'. बरं. उरलेलं अथपासून इतिपर्यंत पाच मिनिटांत.

२३० व्होल्टची जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. सेन्सरची वायर लाईटच्या पाइपातून नेऊ नका. दाराला चुंबकाचा स्विच: चुंबक फळीवर, स्विच चौकटीवर. खोलीतल्या पीआयआर सेन्सरला चार तारा: दोन १२ व्होल्टच्या, दोन झोनच्या, आणि दाणा त्याच्या पोटात. तो अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखतो, त्यामुळे तोंड उन्हाच्या खिडकीकडे नको. त्याच्या तोंडावर पाल बसली तरी ओरडू शकतो. भोंग्याला जाड वायर, प्रवाह जास्त ओढतो.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. सगळं मिळून २०० मिलिअँपिअर ओढत असेल तर भागाकारानं ३५ तास. बॅटरी जुनी असेल तर त्यावर विसंबू नका, तीन-चार वर्षांनी बदलाच.

हो, उठतोच. फक्त एक. घरी गेल्यावर पॅनलची वीज आणि बॅटरी दोन्ही काढा, झोनच्या दोन तारा सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून तारांना लावा. दार बंद असताना ५.६ किलोओहम यायला हवेत, उघडल्यावर अनंत. बंद दाराला शून्याच्या आसपास आकडा आला तर तुमचा दाणा डब्यात आहे, नाहीतर पट्टीत खिळा. आणि तो माझा रेझिस्टर कुठल्या रांगेत पोचलाय?