कुरितीबा : धुक्यातलं विमानतळ, नळीतला थांबा

[दृश्य : पहाट, धुक्यात अर्धवट दिसणारे दिवे]

जुलै महिना. इथला ऐन हिवाळा.

ब्राझील म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र, वाळू आणि घाम येतो. कुरितीबाकर मात्र या वेळी कानटोपी घालून बसची वाट बघत असतो. पाराना राज्याची ही राजधानी सेरा दो मार डोंगररांगेच्या पलीकडे, पठारावर, सुमारे ९३० मीटर उंचीवर वसली आहे. ब्राझीलमधल्या राज्यांच्या राजधान्यांत सर्वांत थंड हीच. १९७५ च्या जुलैत तर इथे चक्क बर्फ पडला होता.

पाऊस बारमाही. आपल्यासारखा चार महिने कोसळून मग रजेवर जाणारा नव्हे. छत्री माळ्यावर टाकावी असा महिना इथे येतच नाही.

[दृश्य : धावपट्टी]

आफोन्सो पेना विमानतळ शहराबाहेर, सुमारे १८ किलोमीटरवर, शेजारच्या साओ जोजे दोस पिन्यायसमध्ये आहे. इग्वासू नदीच्या वरच्या खोऱ्यातली ही सपाट, ओलसर जमीन. निरभ्र रात्री ती गारठते, तिला टेकलेल्या हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होतात आणि उजाडताना धावपट्टी धुक्यात गडप! विमानं मग आकाशात घिरट्या घालतात, नाहीतर दुसऱ्याच शहरात उतरतात. पुढचं विमान गाठायचं असेल, तर हिवाळ्यात पहाटेचं तिकीट काढू नये. ऊन वर आलं की धुकं बहुधा फिटतं.

[दृश्य : विमानाच्या खिडकीतून शहर]

फिटलं की खाली बघा. उंच इमारती मन मानेल तिथे उगवलेल्या नाहीत, रांगेत उभ्या आहेत. या रांगा म्हणजेच बसचे मार्ग. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंना सावकाश चालणारी वाहनं, आणि एक गल्ली सोडून समांतर जाणारे एकेरी वेगवान रस्ते. याच पट्ट्यात उंच बांधायला परवानगी; म्हणजे जिथे दाटी, तिथे बस. वास्तुविशारद जायमे लेर्नर महापौर असताना ही आखणी रस्त्यावर उतरली आणि १९७४ मध्ये पहिल्या बस धावल्या.

[दृश्य : काचेच्या नळीत उभे प्रवासी]

पण खरी करामत बसची नाही, थांब्याची.

हा थांबा म्हणजे जमिनीपासून उचललेली काच आणि पोलादाची आडवी नळी. १९९१ पासून शहरभर दिसू लागली. तिकीट नळीच्या तोंडाशीच काढायचं. चाकाच्या खुर्चीसाठी शेजारी छोटी लिफ्ट. तीन डब्यांची लालभडक बस येते, चालक तिचे दरवाजे नळीच्या दरवाजांसमोर नेमके लावतो, बसमधून फळ्या खाली पडतात आणि माणसं पायरी न चढता, सपाट आत शिरतात. सुट्ट्या पैशांची हुज्जत नाही, दांडीला लोंबकळणं नाही. नळीतच गाडी बदलली तर दुसरं तिकीटही नाही. मात्र उन्हाळ्यात नळी तापते आणि हिवाळ्यात गार वारा आरपार जातो, हे कुठल्याही नेहमीच्या प्रवाशाला विचारा.

ही कल्पना पुढे कोलंबियाची राजधानी बोगोटाने उचलली, आणि २००६ मध्ये पुण्यात कात्रज–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, आली. स्वतंत्र मार्गिका तेवढी लगेच डोळ्यांत भरते. थांब्यावरची ही बारीक आखणी उचलणं जास्त कठीण.

[दृश्य : बारिगी उद्यान, तळ्याकाठी कापिबारा]

इतक्या पावसाचं पाणी जातं कुठे? बरंचसं उद्यानांत. बारिगी नदीकाठी १९७२ मध्ये उद्यान झालं. पूर आला की तिथलं तळं तो पोटात घेतं. कापिबारा हे उंदराच्या कुळातले भलेमोठे प्राणी तिथे निवांत चरत असतात, माणसांकडे ढुंकूनही न बघता.

[दृश्य : संध्याकाळची कोंडी]

तरीही शहरात मोटारी बेसुमार वाढल्या. ज्याला परवडलं, तो नळीतून बाहेर पडून स्वतःच्या गाडीत बसला. बस भरून वाहतात अशी ओरड झाली की मेट्रोचा आराखडा निघतो. असे आराखडे कित्येकदा निघाले. भुयार मात्र अजून एकही खणलेलं नाही.