गाण्याखालची घूं

(निवेदन नाही. केवळ स्पीकरमधून येणारी घूं. 8 सेकंद.)

नागपूरच्या महाल भागातील या घरात अॅम्प्लिफायर चालू आहे, पण गाणे लावलेले नाही. आपण आत्ता ऐकला तो आवाज घरातल्या विजेचा आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा असतो. तो आडवाटेने ध्वनीच्या तारेत शिरला की 50 हर्ट्झची खोल घूं उमटते, आणि त्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या भागात बिघाड असेल, तर बहुधा 100 हर्ट्झची घूं ऐकू येते. कारागीर याला 'हमिंग' म्हणतात.

दुरुस्तीला आलेल्या कारागिरांनी आधी आवाजाचे बटण शून्यावर नेले. मोठी घूं थांबली, पण बारीक घरघर तशीच राहिली. बटण फिरवून जी कमी होत नाही, ती घरघर अॅम्प्लिफायरच्या पोटातच असते. म्हणजे इथे दोष दोन होते.

झाकण उघडल्यावर दिसतो तो हा कॅपेसिटर, म्हणजे वीज साठवून एकदिश प्रवाहातले चढउतार सपाट करणारा भाग, 4700 मायक्रोफॅरड (साठवणक्षमतेचे माप), 63 व्होल्टचा. त्याचा माथा सपाट असायला हवा. इथे तो पुरीसारखा फुगला आहे. प्लग काढल्यावरही यात वीज साठून राहते, म्हणून कारागीर आधी दोन्ही टोकांना रेझिस्टर लावून ती उतरवतात आणि मीटरने खात्री करूनच हात घालतात. तापमान 10 अंशांनी वाढले की अशा कॅपेसिटरचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ हिशेब आहे. आणि हे यंत्र बंद लाकडी कपाटात ठेवलेले होते, तेही मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात. नवा कॅपेसिटर तेवढ्याच क्षमतेचा, व्होल्टेज कमी नसलेला, आणि पांढऱ्या पट्ट्याची बाजू ऋण टोकाला ठेवून बसवला. एका स्वस्त सुट्या भागासाठी अख्खे यंत्र भंगारात द्यायची गरज नव्हती.

राहिली मोठी घूं. मागच्या तारा एकेक करून काढल्या. सीडी प्लेअरची काढली, फरक नाही. सेट-टॉप बॉक्समधली केबलची जाड तार काढताच खोली शांत झाली. त्या तारेचे बाहेरचे आवरण दूर कुठेतरी जमिनीला जोडलेले असते आणि अॅम्प्लिफायर घराच्या अर्थिंगला. दोन ठिकाणच्या अर्थिंगच्या विद्युत दाबात फरक पडला की ध्वनीच्या तारेच्या बाहेरच्या जाळीतून वीज वाहू लागते. खिडकीतला कूलर सुरू केल्यावर ही घूं वाढत होती. कूलरच्या पंपातून गळणारी वीज अर्थिंगमध्ये जात होती, पण पुढे जमिनीत नीट उतरत नव्हती.

अशा वेळी तीन पिनांपैकी जाड पिन कापून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ही पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, जेणेकरून अर्थिंग सर्वांत आधी जोडले जाईल आणि सर्वांत शेवटी सुटेल. ती कापून घूं थांबतेही, परंतु ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचा जीव याच जोडणीवर अवलंबून असतो. ती कापू नये.

मागच्या अंगणातला हा अर्थिंगचा खड्डा. झाकण काढले तेव्हा काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. अशा खड्ड्यात पाईपभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर असतात, आणि ते ओले असले तरच वीज मातीत नीट उतरते. इथे कित्येक उन्हाळ्यांत कोणी पाणी घातलेले नव्हते. पाईपला जोडलेल्या पट्टीवरचा गंज कानशीने घासून काढला, नटबोल्ट बदलला, आणि मग बादल्यांमागून बादल्या पाणी सोडले. पहिल्या दोन बादल्यांचे पाणी मातीने आवाज करत शोषून घेतले.

अॅम्प्लिफायर आणि सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डवर घेतले, केबलच्या तारेत आयसोलेटर, म्हणजे सिग्नल जाऊ देऊन जमिनीची जोडणी तोडणारा भाग, बसवला. मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विचही लावला. पंप दुरुस्तीला गेला.

घरच्या काकाजींनी खड्ड्याच्या झाकणावर खडूने पाणी घातल्याची तारीख लिहिली. आत कपाटाची दोन्ही दारे उघडी ठेवून अॅम्प्लिफायर पुन्हा लावला आहे.

(निवेदन नाही. तीच खोली, आवाजाचे बटण मध्यावर. 8 सेकंद.)