टेबलावर न छापलेली पैज

लास वेगासच्या कुठल्याही मोठ्या कॅसिनोत शिरा आणि आरडाओरडा जिकडून येतोय तिकडे चालत जा. बहुतेक वेळा तुम्ही क्रॅप्स या फाशांच्या जुगाराच्या टेबलापाशी पोचाल. कॅसिनोतले बाकीचे खेळ माणसं बसून, आपापल्यात गुंग होऊन खेळतात. इथे दहा-बारा अनोळखी माणसं कठड्याला खेटून उभी असतात. दोन लाल फासे हवेत जातात, आणि ते थांबेपर्यंत कुणी पापणी लववत नाही. मनासारखं दान पडलं की मघापर्यंत परकी असलेली माणसं एकमेकांना टाळ्या देतात.

तरीही नवखा माणूस इथे लांबूनच बघतो आणि पुढे निघून जातो. का, ते टेबलाकडे नीट पाहिलं की कळतं. आत बनात, आणि बनातीवर चौकोन, पट्टे, आकडे, फाशांची चित्रं. पैज लावायच्या जागाच डझनावारी. माणसंही चार : मधोमध बसलेला बॉक्समन, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक डीलर आणि समोर लांब, टोकाला वळलेली काठी घेऊन उभा असलेला स्टिकमन. त्यांची बोलीही निराळी. अकरा पडले की स्टिकमन ‘यो’ म्हणून ओरडतो, कारण गोंगाटात ‘सेव्हन’ आणि ‘इलेव्हन’ सारखेच ऐकू येतात. दोन एक्के पडले तर ‘स्नेक आइज’, दोन छक्के पडले तर ‘बॉक्सकार्स’.

हे सगळं आज बाजूला ठेवूया. पहिल्या दिवशी एकच पट्टा ओळखता आला तरी पुरे. खेळणाऱ्यांच्या अगदी पुढ्यातून, टेबलाच्या कडेकडेने तो फिरत जातो. त्यावर लिहिलेलं असतं ‘पास लाइन’.

पण त्याआधी सात या आकड्याशी ओळख करून घ्यायला हवी. एक फासा तांबडा आणि एक निळा आहे असं समजा. दोघांच्या मिळून ३६ जोड्या होतात. बेरीज दोन येण्याची वाट एकच, बारा येण्याचीही एकच. चार किंवा दहा येण्याच्या प्रत्येकी तीन वाटा, पाच किंवा नऊच्या चार, सहा किंवा आठच्या पाच. आणि सातच्या सहा. तांबड्यावर काहीही पडो, निळ्यावर सात पुरे करणारा एक आकडा असतोच. दुसऱ्या कुठल्याही बेरजेचं असं नाही. म्हणून सरासरीने दर सहा फेकींत एकदा सात पडतो.

आता खेळ. फासे टाकणारा तो शूटर. त्याच्या पहिल्या फेकीला ‘कम आउट’ म्हणतात. तुम्ही पास लाइनवर १० डॉलरची चिप, म्हणजे पैशांऐवजी चालणारं कॅसिनोचं नाणं, ठेवलीत. सात किंवा अकरा पडले तर लगेच १० डॉलर जिंकलात. दोन, तीन किंवा बारा पडले तर चिप गेली. चार, पाच, सहा, आठ, नऊ, दहा यांपैकी काही पडलं तर तो आकडा झाला ‘पॉइंट’. डीलर एक गोल चकती उलटतो. तिची काळी बाजू ‘ऑफ’, पांढरी बाजू ‘ऑन’. पांढरी बाजू वर करून तो ती पॉइंटच्या आकड्यावर ठेवतो. इथून पुढे शर्यत लागते ती पॉइंट आणि सात यांच्यात. पॉइंट आधी पडला तर तुम्ही जिंकलात, सात आधी आला तर हरलात. मधे बाकी काहीही पडो, तुमच्या चिपला धक्का लागत नाही.

गंमत बघा, पहिल्या फेकीला ज्या सातची वाट बघत होतो, दुसऱ्या फेकीपासून त्याचंच नाव नको होतं. जुने खेळाडू तर तो शब्द टेबलाशी उच्चारतही नाहीत.

फासा जरा जवळून बघू. बाजू साधारण १९ मिलिमीटर, कडा धारदार, अंग पारदर्शक, म्हणजे आत काही दडवलेलं असलं तर दिसावं. ठिपके कोरून त्यांत तेवढ्याच वजनाचा रंग भरतात, नाहीतर सहा ठिपक्यांची बाजू हलकी पडेल. फेकायचे ते एकाच हाताने, आणि दोन्ही फासे पलीकडच्या भिंतीवर आपटायला हवेत. त्या भिंतीवर रबराचे छोटे छोटे त्रिकोणी उंचवटे असतात. त्यांना लागून फासा कसाही उसळतो आणि हाताची सगळी सफाई तिथेच संपते.

मग कॅसिनो कमावतं कसं? पास लाइनवर १० डॉलरची पैज ४९५ वेळा लावलीत, तर सरासरी हिशेबाने २४४ वेळा जिंकाल, २५१ वेळा हराल. फरक सात पैजांचा, म्हणजे ७० डॉलर. शेकडा जेमतेम १.४ टक्के. कॅसिनोतल्या पैजांमध्ये हा वाटा खूपच कमी आहे.

याहूनही चांगली एक पैज आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येक नवख्याला कुणीतरी सांगायलाच हवी, कारण टेबलावर ती छापलेलीच नसते. तिचं नाव ‘ऑड्स’. पॉइंट ठरला की पास लाइनवरच्या आपल्या चिपच्या मागे, कोऱ्या बनातीवर, आणखी चिप्स ठेवायच्या. पॉइंट चार असेल तर जिंकायच्या वाटा तीन, हरायच्या सहा. म्हणून १० डॉलरला २० मिळतात. पाच किंवा नऊ असेल तर १५, सहा किंवा आठ असेल तर १२. जेवढा धोका तेवढाच मोबदला, कॅसिनोचा वाटा शून्य. मात्र वाटा शून्य असला म्हणून हरणं थांबत नाही. टेबलावर पैसे जास्त लागलेले असतात, त्यामुळे चढउतारही मोठे बसतात. हरले तरी झोप उडणार नाही एवढे पैसे आधीच वेगळे काढा. त्यात पास लाइन आणि थोडे ऑड्स दोन्ही बसवा.

आणि जी छापलेली आहे, तीही टेबलाच्या ऐन मध्यभागी, स्टिकमनच्या पुढ्यात, ठळक अक्षरांत? तिथे ‘एनी सेव्हन’ नावाची पैज असते. पुढच्याच फेकीला सात पडेल यावर लावायची. पडला तर एकास चार. खरा भाव एकास पाचचा आहे. मघाचेच १० डॉलर ४९५ वेळा इथे लावले, तर सरासरीने ७० नाही, ८२५ डॉलर जातात. शेजारी फाशांच्या जोड्यांची सुंदर चित्रं असतात, ‘हार्डवेज’. सात किंवा दुसऱ्या जोडीने आठ येण्याआधी चार-चार अशी जोडी पडून आठ व्हावेत, ही त्यांतली एक. ती एकास नऊ देते, द्यायला हवे दहा. स्टिकमन या पैजांची नावं मोठ्याने पुकारत राहतो, ते त्याचं कामच आहे. तुम्ही ऐकून घ्या आणि हात कठड्यावरच राहू द्या.

चिप्स घेताना पैसे कधी डीलरच्या हातात देऊ नका, त्याला ते घेताच येत नाहीत. दोन फेकींच्या मधे नोटा बनातीवर ठेवायच्या आणि ‘चेंज’ म्हणायचं. फासे शूटरकडे गेले की टेबलातून हात काढायचे. फासा कुणाच्या हाताला लागला आणि पाठोपाठ सात पडला, तर सगळं टेबल त्या माणसाकडे बघतं.

हा खेळ ‘हॅझर्ड’ या जुन्या इंग्रजी खेळातून निघाला, एकोणिसाव्या शतकात न्यू ऑर्लिन्समध्ये सोपा होत गेला, आणि नेवाडात १९३१ साली जुगार कायदेशीर झाल्यावर कॅसिनोत स्थिरावला. पॉइंट ठरल्यावर सात येऊन फासे सोडावे लागेपर्यंत शूटरला सरासरी साडेआठ फेकी मिळतात. २००९ साली अटलांटिक सिटीत एका बाईंनी सलग १५४ फेकी टाकल्या, चार तासांहून अधिक वेळ. त्यांच्या एकशे चोपन्नाव्या फेकीलाही सात येण्याची शक्यता तेवढीच होती, जेवढी पहिल्या फेकीला.

इथे, या टेबलावर, पॉइंट आहे आठ. शूटरची ही सहावी फेक. फासे भिंतीला लागतात, एक थांबतो, तीन. दुसरा कडेवर गिरकी घेतो आणि चारावर बसतो. ‘सेव्हन आउट,’ स्टिकमन सांगतो. डीलर पास लाइनवरच्या चिप्स ओढून घेतात, चकती पुन्हा काळी होते. डावीकडे एक तरुण उभा आहे. मघापासून त्याने फक्त बघितलंय. तो पास लाइनवर एक चिप ठेवतो. स्टिकमन काठीने पाच फासे त्याच्यापुढे सरकवतो, आणि तो वाकून त्यांतले दोन निवडतो.