एडिनबराच्या शाळांत गोष्ट सांगायला जाताय? आधी शहर पायी बघा

नमस्कार मंडळी. कथाकथन करणाऱ्यांना हल्ली परदेशातल्या शाळांची बोलावणी येतात. आज आपण एकच शहर घेऊ, स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे कथाकथनाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावर, जॉन नॉक्स हाऊसला लागून, खास गोष्टी सांगण्यासाठी बांधलेली इमारत आहे, स्कॉटिश स्टोरीटेलिंग सेंटर. ती २००६ साली उघडली. तोंडी गोष्टीला इतका मान देणारी शहरं फार नाहीत.

आधी कागदपत्रं, कारण गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर मानधन घेऊन कार्यक्रम करता येतो, पण अटी आहेत. आमंत्रण निघण्याआधी हातात हवं, व्हिसाच्या अर्जात त्याचा उल्लेख हवा आणि मानधनाचे कार्यक्रम तिथे पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत उरकायला हवेत. कलाकाराला आमंत्रण ब्रिटनमधल्या कला किंवा मनोरंजन क्षेत्रातल्या संस्थेचं, एजंटचं किंवा प्रसारकाचं लागतं. म्हणून एखाद्या शाळेच्या पत्रावर विसंबू नका. महोत्सवाने किंवा कलासंस्थेने बोलवावं आणि शाळांचे कार्यक्रम त्यांनीच ठरवावेत, हा सरळ मार्ग. नियम बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पुन्हा वाचा.

आता तारखा. ऑक्टोबरच्या मध्याला एडिनबराच्या शाळांना सुट्टी असते. महोत्सव ऑक्टोबरात आहे म्हणून शाळाही चालू असतील असं धरून विमानाचं तिकीट काढलं, तर आठवडा फुकट जातो. दुसरी गोष्ट शुक्रवारची. तिथल्या सरकारी शाळा शुक्रवारी अर्धाच दिवस, साडेबाराच्या सुमारास सुटतात. शुक्रवारी एकच कार्यक्रम घ्या, तोही सकाळचा.

शाळेत पहिली ते सातवीला पी-वन ते पी-सेव्हन म्हणतात. पी-वनची पोरं साडेचार-पाच वर्षांची, पी-सेव्हनची अकरा-बाराची. पी-वनच्या वर्गात जास्तीत जास्त २५ मुलं, पी-टू आणि पी-थ्रीमध्ये ३०, त्यापुढे ३३. एका वेळी दोन वर्ग, म्हणजे साठेक मुलं, याहून जास्त घेऊ नका. 'अख्खी शाळा एकदमच बसवू का?' असं विचारलं, तर नम्रपणे नाही म्हणा. पाच वर्षांच्या मुलाला पंचवीस मिनिटं झेपतात, अकरा वर्षांच्याला पंचेचाळीस. दोघांना एकत्र बसवलं की धाकटे चुळबुळ करतात आणि थोरल्यांना गोष्ट बाळबोध वाटते.

जागा बहुतेक वेळा शाळेचा हॉल असते. तोच हॉल व्यायामाचा आणि तोच जेवणाचा. साडेअकरानंतर टेबलं मांडायला सुरुवात होते, थाळ्यांचा खडखडाट होतो, जेवणाचा वास येतो आणि गोष्ट संपते, तुमची संपलेली नसली तरी. म्हणून सकाळची, मधल्या सुट्टीच्या आधीची वेळ मागा. अर्धा तास आधी पोचा. कार्यालयात नोंद करून पाहुण्याचा बिल्ला लावा आणि वर्गशिक्षक पूर्ण वेळ थांबणार आहेत ना, हे विचारून घ्या. मुलांबरोबर एकटं थांबायचं नाही. फोटोही स्वतःहून काढायचे नाहीत.

हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा खिडक्या बघा. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम २० अंशांवर असतो. ऊन आडवं, थेट डोळ्यात येतं. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात, तर मुलांना तुमचा चेहरा दिसतच नाही, नुसती काळी आकृती दिसते. तुमचे उच्चार त्यांच्या कानाला नवे आहेत, त्यामुळे ती ओठ आणि डोळे बघूनच निम्मं समजून घेणार. खिडकी तुमच्या समोर येईल असं बसा, ऊन तुमच्या डोळ्यात गेलं तरी चालेल. पहिली रांग दीड-दोन मीटरवर ठेवा. ऐकायला कमी येणारं मूल असेल, तर शिक्षक तुमच्या गळ्यात छोटा ट्रान्समीटर अडकवतील. त्यावर चिपळ्या किंवा झांज आपटू देऊ नका, तो आवाज त्या मुलाच्या थेट कानात जातो.

आता गोष्ट कुठली? आपली भोपळ्यातली म्हातारी तिथे फार छान चालते, आणि त्याला कारण आहे. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन. त्याच्या आधीचे काही दिवस मुलांच्या घरात भोपळा कोरायचं काम चाललेलं असतं. त्यापूर्वीच्या पिढ्या तर सलगमासारखा टणक कंद कोरायच्या, आजी-आजोबा अजून सांगतात. पोकळ भोपळ्यात कुणी बसू शकेल का, हे तिथल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. त्याने तो चमच्याने स्वतः पोकळ केलेला असतो.

[चिपळ्या हातात घेऊन]

गोष्ट इंग्रजीत सांगा, पालुपद मराठीत ठेवा. पण अख्खं 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' शिकवायला जाऊ नका. 'भ' आणि 'ळ' त्या जिभांना अवघड आहेत, ओळ अडखळते आणि तिची लय मोडते. 'चल रे भोपळ्या' तुम्ही म्हणा, 'टुणूक टुणूक' पोरांनी. पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा नेहमीच्या गतीने, तिसऱ्यांदा अगदी कुजबुजत. चौथ्यांदा तुम्ही नुसतं थांबा, ती आपणहून म्हणतात. आणि हे आधीच सांगा: उडी फक्त हातांची, बूड जमिनीवर. नाहीतर साठ मुलं खरोखर उड्या मारायला लागतात आणि पुढची दहा मिनिटं त्यांना खाली बसवण्यात जातात. 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा' हे पी-वनला दर वेळी त्याच शब्दांत सांगा. थोरल्यांसाठी मात्र प्रत्येक प्राण्यागणिक म्हातारीची चलाखी थोडी वाढवा.

पहिली दोन मिनिटं तुमच्या नेहमीच्या वेगाच्या निम्म्याने बोला. आपल्या उच्चारांना मुलांचे कान तेवढ्या वेळात सरावतात.

गोष्ट झाली की थांबा आणि उलटं मागा: 'आता तुमची सांगा.' स्कॉटलंडची पोरं याला सरावलेली असतात. हॅलोविनला सोंग घेऊन दारोदार जायची तिथली प्रथा आहे, तिला गाइझिंग म्हणतात. दारात गाणं, विनोद किंवा कविता म्हटल्याशिवाय खाऊ मिळत नाही. म्हणजे वर्गातल्या जवळपास प्रत्येकाकडे एक तरी चीज तयार असते. सीलचं कातडं उतरवून माणूस होणारी सेल्की तुम्ही त्यांना सांगू नका, त्यांच्याकडून ऐका. ट्रॅव्हलर या तिथल्या भटक्या समाजाने या गोष्टी शेकोटीभोवती जपल्या. त्या समाजातले थोर कथाकार डंकन विल्यमसन यांचा जन्म १९२८ साली लॉक फाइन या खाडीच्या काठी तंबूत झाला होता. पाहुण्याने त्यांच्या गोष्टी त्यांनाच ऐकवण्यापेक्षा कान द्यावा, हे जास्त बरं.

यासाठीच शहर आधी बघायचं. पहिल्या कार्यक्रमाआधी एक मोकळा दिवस हवाच. विमानतळावरून ट्राम अर्ध्या तासात शहरात आणते. बँकेचं कार्ड फलाटावरच्या यंत्राला लावायचं, आत चढल्यावर नाही. बसमध्ये मात्र चढताना. रोख देणार असाल तर नेमके पैसे हवेत, चालक सुट्टे देत नाही. मग रॉयल माइल चाला, किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत, पावणेदोन किलोमीटरच्या थोडं वर. दोन्ही बाजूंना क्लोज नावाच्या अरुंद गल्ल्या खाली उतरतात. पायऱ्या दगडी आणि पावसात निसरड्या, गुळगुळीत तळाचे बूट नकोत. लेडी स्टेअर्स क्लोजमध्ये लेखकांचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत मालकाच्या थडग्याशी वर्षानुवर्षं बसून राहिला म्हणतात, त्या बॉबी कुत्र्याचा पुतळा बघा. त्याची गोष्ट मुलांना पाठ असते. त्याचं नाक चोळू नका, चोळून चोळून ते झिजतंय म्हणून गावकरी वैतागलेत.

शुक्रवारी शाळेतून सुटलात की एकला प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत या. किल्ल्यावरून रविवार सोडून बहुतेक रोज दुपारी एकला तोफ होते. १८५२ पासून कॅल्टन हिलवरच्या नेल्सन स्मारकावर वेळ दाखवणारा गोळा एकला खाली पडायचा, लीथ बंदरातली जहाजं त्यावर घड्याळं लावायची. धुक्यात गोळा दिसेना, म्हणून १८६१ पासून तोफ. पण आवाजाला बंदरापर्यंत पोचायला दहाएक सेकंद लागतात, म्हणून कुठल्या भागात किती सेकंद वजा करायचे याचे नकाशेच छापले होते. सोमवारी पी-सिक्सच्या वर्गात जाल तेव्हा सुरुवात इथून करा: 'तोफ तुमच्या शाळेत किती वाजता ऐकू येते?' कुणीतरी 'एक वाजता' म्हणेल. मग शाळा किल्ल्यापासून किती लांब आहे ते विचारा आणि किलोमीटरला तीन सेकंद या हिशोबाने उत्तर त्यांनाच काढू द्या.