‘गेला’चं ‘जाला’ होतं तेव्हा

(नाशिकमधल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझी नात अडीच वर्षांची होती तेव्हा स्पष्ट म्हणायची, “बाबा गेला.” साडेतीनची झाली आणि एका सकाळी दारातून आत येऊन म्हणाली, “बाबा ऑफिसात जाला.” घरात हसू पिकलं. तिच्या आजीला मात्र काळजी लागली, येत होतं ते विसरली की काय पोर? मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, पण खरं सांगतो, क्षणभर मलाही तसंच वाटलं.

मग कान देऊन ऐकायला लागलो. “मी नाही करलं.” “मावशी येली.” “मुंगी मरली.” पण ‘बसला’, ‘पडला’, ‘उठला’ अगदी बिनचूक. म्हणजे हिशेब चोख होता! बसचं बसला, पडचं पडला, तर जाचं जाला आणि करचं करलं. वाकडी चालतात ती आपली क्रियापदं: जा–गेला, ये–आला, कर–केला, मर–मेला, हो–झाला. आणि नेमकी हीच दिवसातून शंभरदा तोंडात येणारी. तिचं आधीचं ‘गेला’ नुसतं ऐकून उचललेलं होतं. ‘जाला’ मात्र तिला कुणी दिलेलं नव्हतं, कारण आमच्या घरात, गल्लीत, टीव्हीवर, कुठेही कुणी ‘जाला’ म्हणत नाही. ते तिने स्वतः घडवलं होतं. पुढे चार-सहा महिन्यांत ‘गेला’ परत आलं, कुणी न रागावता.

अमेरिकेत जीन बर्को या बाईंनी 1958 साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवायचं, म्हणायचं हा ‘वग’. मग तसेच दोन दाखवून वाक्य अर्धवट सोडायचं. मुलं ते पुरं करायची, ‘वग्ज’, म्हणजे इंग्रजी अनेकवचन. हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, कारण तो बाईंनी तयार केला होता.

मीही घरी करून पाहिलं. मातीचा एक ओबडधोबड बाहुला केला, नाव ठेवलं लुंबा. नातीला विचारलं, “ही पोळी कुणाला देऊ?” ती म्हणाली, “लुंब्याला.” लुंबाला नव्हे, लुंब्याला! सामान्यरूप, ज्याच्या पायी आम्ही शाळेत रडलो, ते ‘जाला’ म्हणणाऱ्या मुलीने एका खोट्या शब्दाचं त्याच आठवड्यात बरोबर केलं.

पिट कॉर्डर नावाच्या भाषातज्ज्ञाने 1967 मध्ये परकी भाषा शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक लेख लिहिला. त्यात त्याने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. घाईत, दमल्यावर जीभ घसरते ती एक. ती आपल्याला लगेच कळते आणि आपणच सुधारतो. दुसरी, करणाऱ्याला चूक वाटतच नाही, कारण त्याच्या डोक्यातल्या नियमाने ती बरोबर असते. कॉर्डरला रस या दुसरीत. पुढे 1972 मध्ये लॅरी सेलिंकर या भाषातज्ज्ञाने अशा शिकाऊ भाषेला नावच दिलं. आपण तिला मधली भाषा म्हणू. ती घरच्या भाषेसारखी नाही, शिकायच्या भाषेसारखीही नाही, पण तिला स्वतःचं व्याकरण असतं.

हे पाहायला लांब जायला नको. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेले लोक चार-सहा महिन्यांत मराठी बोलायला लागतात. “माझा घर”, “माझी पुस्तक”. आपण हसतो. हिंदीत नपुंसकलिंग नाही; घर तिथे पुल्लिंगी, पुस्तक स्त्रीलिंगी. माणूस आपल्या घरचं सामान घेऊनच नव्या घरात शिरणार ना? आणि आपण हिंदीत काय करतो? “मैं आम खाया.” पण तोच माणूस “उसने आम खाया” हे बरोबर म्हणतो. कारण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’. ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून ‘मैं’लाही आपण लावत नाही.

आता लिहिण्यावाचण्याकडे येतो, कारण माझी निम्मी हयात त्यातच गेली.

दिंडोरीकडच्या एका शाळेत मी तिसरीच्या मुलांना ‘आमचा मळा’ यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. द्राक्षांचा भाग, त्यामुळे तो शब्द प्रत्येक वहीत. एकाने लिहिलं होतं ‘द्राक्श’. तांबडी शाई तयारच होती. पण तो शब्द मोठ्याने म्हणून पाहा. मुलाने क्ष फोडला होता, त्यातला क् ऐकला आणि पुढचा शही ऐकला. क्ष नावाचं वेगळं अक्षर असतं, एवढी एकच बातमी त्याच्यापर्यंत पोचायची होती. शेजारच्या वहीत ‘दाश’ होतं. दोघांनाही एकेकच फुली मिळाली असती, पण ‘दाश’वाल्याला अजून जोडाक्षर ऐकूच येत नव्हतं. त्याला क्ष गिरवायला लावून काय होणार?

तसंच ‘बस्ला’. आपण बोलताना बसला म्हणतो तेव्हा स मधला अ कुठे असतो? नसतोच. मुलाने ऐकलं तसं उतरवलं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. ‘पाणी’तला णी ऱ्हस्व की दीर्घ, हे कानाने ओळखून दाखवा पाहू. बोलण्यात त्यावरून सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून कान तिकडे लक्षच देत नाही. म्हणून तर नियम करावा लागला. 1962च्या लेखननियमांनी शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ ठरवले आणि ‘कवि’चा ‘कवी’ झाला. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ऱ्हस्व. जे मूल ‘गरीबाला’ लिहितं ते ‘गरीब’ नीट शिकलेलं असतं. अशा मुलाला निष्काळजी म्हणणं मला तरी पटत नाही.

आकड्यांची गंमत तर सगळ्या आयांना ठाऊक आहे. पंचवीस लिही म्हटलं की मूल 52 लिहितं. तोंड आधी पाच म्हणतं, मग वीस. हाताने तोंडाचं ऐकलं. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा किती विनोद झाले, आठवतं? बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना ते सगळं सोसावं लागलं. औषधाबद्दल वाद घाला, माझाही थोडा आहे. पण रोगाचं निदान खरं होतं.

वाचताना होणाऱ्या चुकांबद्दल मात्र मी माझं मत बदललंय, ते कबूल करतो. केनेथ गुडमन या अमेरिकी अभ्यासकाने 1960च्या दशकात मुलांना मोठ्याने वाचायला लावून त्यांच्या चुका टिपल्या. तो त्यांना चुका म्हणतच नसे, ‘मिसक्यू’, म्हणजे हुकलेली खूण, म्हणे. वाचणं म्हणजे अर्थाच्या आधाराने केलेले अंदाज, असं त्याचं मत. मी त्यावर लट्टू होतो. वर्गात एक मुलगी ‘आजीने चुलीवर भाकरी भाजली’ हे ‘आजीने चुलीवर भाकरी थापली’ असं घडाघडा वाचायची. अर्थ कळतोय, म्हणून मी शाबासकी द्यायचो. एक दिवस पानावरचं चित्र हाताने झाकलं आणि पुढचं वाक्य दाखवलं, ‘चुलत भाऊ आला’. तिने वाचलं, “चुलीत...” आणि थांबली. ती ‘चु’ पाहून उडी मारत होती. अंदाजावर जास्त भिस्त कच्चा वाचकच ठेवतो, पक्क्याला अक्षरं इतकी झरझर ओळखता येतात की अंदाजाची गरज उरत नाही, हे कीथ स्टॅनोविच या वाचनाच्या अभ्यासकाने 1980 मध्ये मांडलं होतं. माझ्यापर्यंत ते फार उशिरा पोचलं.

पण गुडमनची एक गोष्ट मी सोडणार नाही. मी बागलाणातला, घरी अहिराणी. धड्यात ‘डोळा’ आला की मी ‘डोया’ वाचायचो आणि हातावर छडी बसायची. मास्तर म्हणायचे, याला वाचता येत नाही. अहो, पानावर तर ळ होता, मग य आला कुठून? शब्द ओळखला, अर्थ कळला, आणि तो माझ्या आईच्या तोंडातून बाहेर आला. वाचता येत नसतं तर मी ‘डो... डो...’ करत बसलो असतो.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली, “मग चूक दाखवायची की नाही?” दाखवायची हो, जरूर दाखवायची. एक प्रसंग सांगतो आणि थांबतो.

चौथीतल्या एका मुलाने ‘सूर्य’मधला रफार ‘सू’च्या डोक्यावर दिला होता. म्हटलं, हळू म्हण बरं. “सू... र्... य.” र कुठे ऐकू आला? “सूच्या मागोमाग.” म्हणून तू तो सूवर दिलास? “हो.” मी सांगितलं, हा आधी बोलायचा, पण बसतो पुढच्याच्या डोक्यावर. त्याने वहीकडे पाहिलं, मान हलवली आणि मी न सांगता मागची पानं उलटायला लागला. ‘गर्दी’ दुरुस्त केली. ‘पर्वत’ दुरुस्त केला. मी खूश. मग तो ‘चक्र’पाशी आला. ते आधीपासून बरोबर होतं. त्याने खोडरबर घेतलं, ते पुसलं आणि मोठ्या समाधानाने लिहिलं, ‘चर्क’.