स्कॅनरच्या आधी यादी

ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी अभिलेख मंडळापुढे वर्षारंभी दिलेले व्याख्यान, पुनरुक्ती गाळून.

मित्रहो, मंडळाच्या कार्यवाहांनी मला वर्षाचा आराखडा आधीच पाठवला होता. त्यातले पहिले कलम स्कॅनर खरेदीचे आहे, दुसरे ‘सर्व कागदपत्रांचे सहा महिन्यांत डिजिटायझेशन’ असे आहे, आणि यादी करण्याचे कलम नववे आहे. हे नववे कलम पहिले करावे आणि स्कॅनरचे पैसे तूर्त बँकेतच राहू द्यावेत, एवढेच सांगायला मी आज आलो आहे. मागच्या बाकांवर झालेली चुळबुळ मला दिसली. यंत्र हाताळण्यात जी मजा आहे ती वहीत रकाने आखण्यात नाही, हे मलाही मान्य आहे.

व्याख्यानाला येण्याआधी तासभर मी तुमचे ते जिन्याखालचे कपाट पाहिले. वरच्या खणात जिमखान्याची रजिस्टरे, मधल्या खणात सायक्लोस्टाइल केलेल्या सूचनांच्या फायली, खाली भित्तिपत्रकाचे गुंडाळलेले कागद, एका बुटांच्या खोक्यात कॅसेट आणि फ्लॉपी, आणि एका खाकी पाकिटात स्नेहसंमेलनाचे फोटो. सूचनांची एक फाइल मी उघडली. पहिल्या कागदाच्या डाव्या कोपऱ्यात एक टाचणी होती. खाडीकाठच्या दमट हवेत ती गंजून कागदात इतकी मुरली होती की तिच्या डोक्यापाशी आणि टोकापाशी दोन तपकिरी वर्तुळे उमटली होती, आणि मागच्या सहा कागदांवर तीच वर्तुळे एकेक कागदागणिक फिकट होत गेली होती. ही टाचणी काढायलाच हवी. ती ओढून काढायची नसते. प्लॅस्टिकची पातळ पट्टी तिच्या खाली सरकवायची, कागद उलटून दुसरी पट्टी दुसऱ्या बाजूने सरकवायची आणि मग टाचणी अलगद उचलायची. पण त्याही आधी, हे सात कागद एकमेकांना जोडलेले होते, ही नोंद करायची. टाचणी गेली आणि नोंद झाली नाही, तर ते सात कागद सात दिशांना जातात. स्कॅनरच्या काचेवर एकेक कागद ठेवणाऱ्याला त्यांचे नाते दिसत नाही.

ग्रंथालय आणि अभिलेखागार यांतला फरक ठाणेकरांना सांगणे सोपे आहे, कारण मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्याच गावात १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. तिथल्या एखाद्या छापील पुस्तकाची प्रत झिजली, तरी त्याची दुसरी प्रत कुठे तरी असण्याची शक्यता असते, आणि ते पुस्तक विषयाप्रमाणे कोणत्याही कपाटात लावले तरी त्याचा अर्थ बदलत नाही. तुमच्या कपाटातल्या कागदाचे तसे नाही. तो एकच असतो, आणि तो कोणी, कोणत्या कामासाठी, कोणत्या कागदानंतर लिहिला यावर त्याचा निम्मा अर्थ अवलंबून असतो. म्हणून अभिलेखाच्या कामात दोन नियम पाळले जातात: एका माणसाचे किंवा एका कचेरीचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, आणि ते ज्या क्रमाने ठेवलेले सापडले तो क्रम मोडायचा नाही.

दुसरा नियम मी स्वतः मोडलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका पतसंस्थेचे जुने दप्तर माझ्याकडे आले. नवा माणूस, अंगात उत्साह; मी पंधरा दिवस खपून सगळे कागद तारखेवार लावले आणि साहेबांना दाखवून शाबासकीही मिळवली. वर्षभराने एक अभ्यासक आले आणि त्यांनी विचारले की अमुक तक्रारअर्ज कोणत्या कर्जप्रकरणाला जोडलेला होता. अर्जावर प्रकरणाचा क्रमांक नव्हता, आणि तो असण्याचे कारणही नव्हते, कारण अर्ज त्या प्रकरणाच्या फाइलीतच होता. ती फाइल आता राहिली नव्हती. तिच्या जागी मी तयार केलेला एक अत्यंत नीटनेटका, तारखेवार आणि निरुपयोगी गठ्ठा होता.

याच्या उलट उदाहरणही ठाण्याचेच आहे. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, बांधकामासाठी खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शक ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा ताम्रपट मिळाला. तो कुठे आणि काय करताना सापडला याची नोंद त्याच काळात झाली, आणि पुढच्याच वर्षी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात त्याचे वाचन इंग्रजी भाषांतरासह छापून आले. सापडण्याची जागा, सापडण्याचे निमित्त आणि वाचन या तीन गोष्टी एकत्र राहिल्या म्हणून तो आजही पुरावा म्हणून वापरता येतो. जुन्या बाजारात कोणी तरी विकायला आणलेला तांब्याचा पत्रा म्हणून तो पुढे आला असता, तर त्याच्यावर वाद घालण्यातच निम्मा वेळ गेला असता.

आता यादीकडे वळू. पहिल्या फेरीत एकेक कागद मोजायला बसू नका. तसे केलेत तर दिवाळीपर्यंत वरचा खणही संपणार नाही आणि तोवर निम्मे सभासद गळालेले असतील. एक फाइल किंवा एक रजिस्टर म्हणजे एक ओळ. कपाटातली जागा, फाइलीवरचे मूळ शीर्षक अक्षरशः जसे आहे तसे, पहिली आणि शेवटची तारीख, जाडी सेंटिमीटरमध्ये, आणि अवस्था, एवढे रकाने पुरे. मूळ शीर्षक चुकीचे वाटले तरी दुरुस्त करू नका. ‘किरकोळ’ असे लिहिलेल्या फाइलीत काय काय असते हे ज्याने कचेरीत काम केले आहे त्याला विचारा. तुमचा क्रमांक शिसपेन्सिलीने, कागदाच्या मागे, हलक्या हाताने घाला. बॉलपेन कपाटाच्या जवळपासही नको.

तुमच्यापैकी एकाने घरातल्या ट्रंकेतून मोडी लिपीतला एक बंद, म्हणजे लिहिलेला सुटा कागद, आणला आहे, तो मला मघाशी दाखवला. मजकूर लागत नाही म्हणून तो यादीत ‘जुना मोडी कागद’ एवढ्यावर थांबला होता. पण मोडी पूर्ण येत नसतानाही कालगणनेचे शब्द ओळखायला शिकता येते. त्या कागदाच्या वरच्या ओळीत ‘समान सबैन मया व अलफ’ असे आहे. हे अरबी संख्याशब्द एकंपासून चढत जातात: आठ, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन, ही जुन्या मराठी कागदांतली कालगणना, ११७८. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीस बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखेत ६००. म्हणजे कागद १७७७-७८ चा. एवढे कळल्यावर यादीतली ओळ एकदम बोलकी होते. मंडळाने आठवड्यातून एक तास मोडीला दिला, तर वर्षाअखेरीस निदान मायने, म्हणजे पत्रारंभीचे ठरावीक शब्द, आणि तारखा तरी वाचता येतील.

तोच कागद हाताळताना तुम्हाला एक नवल वाटले असेल. सव्वादोनशे वर्षांहून जुना कागद अजून मऊ आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वीची सायक्लोस्टाइल केलेली सूचना घडी उलगडताच तुटते. जुना कागद हातकामाचा, चिंध्या आणि तागासारख्या लांब धाग्यांचा. त्यावरची शाई काजळ आणि डिंकाची, जी कागदाला खात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. त्यातले लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य, उजेडाने पिवळे पडते, आणि शाई फुटू नये म्हणून घातलेली राळ व ॲल्युमिनियमचे क्षार दमट हवेत आम्ल तयार करतात. ते आम्ल कागदाचे धागे आतून तोडत जाते. या कपाटात धोक्यात आहे ते अलीकडचे. सर्वांत आधी काय वाचवायचे, तर थर्मल कागदावरच्या पावत्या आणि फॅक्स, कारण त्यांच्यावरची अक्षरे काही वर्षांत आपोआप पुसट होतात. त्यांच्यापुरता स्कॅनर आजच उसना आणायला माझी हरकत नाही.

कागद वाचवण्याच्या उत्साहात होणारे अत्याचार मी इतके पाहिले आहेत की त्यांच्याविषयी थोडे कडक बोलतो. दुकानातले गरम लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद आम्लासकट बंद होतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. पट्टी गळून पडते, तिचा चिकट पिवळा डाग राहतो. जोडायचेच असेल तर पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या पिठातील सत्त्वाची ताजी खळ, तीही कोणाकडून शिकून घेतल्यावर. डांबरगोळ्यांच्या वासाने कपाट उघडणाऱ्या माणसाचे डोके दुखते, वाळवीचे फारसे काही बिघडत नाही. घरोघरी पोथ्या लाल कापडात बांधून आत वेखंडाची पुरचुंडी ठेवत असत. तिचा कसरीवर किती परिणाम होतो यावर वाद घाला, पण घट्ट बांधलेले सुती कापड धूळ आणि उजेड दोन्ही अडवते हे निर्विवाद आहे. कागदासाठी सुती हातमोज्यांची गरज नाही, त्यांनी कडा उलट अडकून फाटतात; साबणाने धुतलेले कोरडे हात पुरतात. फोटोंना मात्र बोटांचे ठसे लागतात, तिथे रबरी मोजे घाला. आणि ते कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले आहे, ते वीतभर पुढे ओढा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याहून खाली येणे दुर्मीळच.

पाण्याविषयी वेगळे सांगितले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा ठाणे आणि नवी मुंबईतही तळमजल्यांत पाणी शिरले होते. त्या आठवड्यात एका संस्थेच्या तळघरातले भिजलेले दप्तर पाहायला मला बोलावले. मी पोहोचलो तेव्हा सगळे गच्चीवर उन्हात पसरलेले होते. साध्या कागदाची रजिस्टरे वेडीवाकडी वाळली, शाई फुटली, पण वाचता आली. गुळगुळीत कागदावर छापलेले अहवाल मात्र वाळून विटेसारखे घट्ट झाले होते, आणि त्यांतले एकही पान सुटले नाही. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणे शक्य नसेल, तर तो गोठवायचा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि नंतर थोडा थोडा काढून सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून वाळवता येतो. वाशी-तुर्भ्याच्या बाजारपट्ट्यात शीतगृहे आहेत. त्यांपैकी एखाद्याच्या व्यवस्थापकाशी मंडळाने आताच, कोरड्या दिवसांत, बोलून ठेवावे. पाणी कमरेपर्यंत आल्यावर ओळख काढण्यात अर्थ नसतो.

कपाटाबाहेरच्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते गावठाणांचे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. संपादनाच्या नोटिसा, मोबदल्याच्या पावत्या, संपादित जमिनीच्या बदल्यात द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडाची पत्रे घणसोली, दिवाळे, सारसोळे अशा गावांतल्या घरांत आजही पिशव्यांतून सापडतात. भातशेती, मिठागर आणि खाडीतली मासेमारी आठवणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्यातले कित्येक जण त्याच आगरी-कोळी घरांतले आहेत. आजीला प्रश्नावली वाचून दाखवू नका. पावती तिच्या हातात द्या आणि ध्वनिमुद्रण सुरू ठेवा. आधी परवानगी घ्या, ती कशासाठी हे तिच्या बोलीत सांगा, आणि मूळ कागद घराबाहेर नेऊ नका. ज्या घरांतून एकदा सरकारी कामासाठी कागद गेले आणि परत आले नाहीत, तिथे तुमची पावती देण्याची तयारीही पुरेशी नसते. इथे स्कॅनर त्यांच्या ओटीवर न्यायचा आणि कागद जागच्या जागी परत करायचा. म्हणजे स्कॅनर मी पूर्ण रद्द केलेला नाही.

स्कॅन केलेल्या फायलींबद्दल थोडक्यात. फाइलीचे नाव म्हणजे यादीतला क्रमांक. ‘नवीन फायनल २’ हे नाव नव्हे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक महाविद्यालयाबाहेर. प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा संगणकाने काढलेला आकडा, काढून ठेवा आणि वर्षातून एकदा तो जुळतो का ते पाहा. त्या खोक्यातल्या फ्लॉपी आज वाचायला यंत्र शोधावे लागेल; तुमच्या हार्ड डिस्कवरही ती पाळी येणार आहे.

आणि सगळे ठेवायचे नसते. सरकारी कचेऱ्यांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात; अ वर्ग कायमचा, ड वर्ग वर्षभराचा, आणि मुदत संपलेले काढून टाकण्याला निंदणी म्हणतात, शेतातले तण काढावे तसे. तुमच्या कपाटात गुणपत्रिका, जातीचे दाखले आणि वैद्यकीय प्रमाणपत्रे मला दिसली. ती ज्यांची आहेत ती माणसे हयात आहेत. ती वेगळी काढून, पाकीटबंद करून प्राचार्यांच्या ताब्यात द्या. प्रदर्शनात तर सोडाच, यादीतही नावे लिहू नका. निंदणी कोणी करायची, हा निर्णय मात्र विद्यार्थ्यांचा नाही. तुम्ही शिफारस लिहा, सही वरच्यांची घ्या.

फोटोंचे पाकीट मी मुद्दाम शेवटी ठेवले. त्यांच्या मागे काहीही लिहिलेले नाही. निवृत्त शिक्षक आणि शिपाई यांना एका दुपारी बोलवा, झेरॉक्स प्रती टेबलावर पसरा आणि चहा द्या. दोघांनी एकाच चेहऱ्याला वेगवेगळी नावे दिली तर दोन्ही नावे लिहा, सांगणाऱ्यासकट. शिपायांना विसरू नका. स्नेहसंमेलनात खुर्च्या कोणी लावल्या आणि कोण कोणाशेजारी बसले, हे त्यांनाच जास्त आठवते.

शनिवारी अकरा वाजता कपाट उघडायचे ठरले आहे. येताना दोन-दोन शिसपेन्सिली, रंगकामाचा एक मऊ ब्रश आणि फुटपट्टी आणावी. डबे जिन्याच्या पलीकडे ठेवावेत. सुरुवात मधल्या खणातल्या त्या फाइलीपासून करू. टाचणी मी तशीच ठेवली आहे.