पहिल्या वळणावरचा मिक

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हांला एका कुत्र्याचे चरित्र सांगणार आहे. त्याचे नाव मिक द मिलर. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड-आयर्लंडमध्ये हे नाव पोराटोरांच्या तोंडी होते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी शर्यतीच्या मैदानावर पाऊल टाकले नव्हते, तेही त्याच्या जिंकण्या-हरण्याची बातमी वर्तमानपत्रात आधी शोधत असत.

आयर्लंडमध्ये ऑफली परगण्यात किली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील धर्मगुरू फादर मार्टिन ब्रॉफी यांना ग्रेहाउंड जातीचे सडपातळ, वेगवान कुत्रे पाळण्याची हौस होती. त्यांच्याकडे 29 जून 1926 रोजी झालेल्या पिल्लांत एक पिल्लू फारच किरकोळ अंगाचे निघाले. घरातली पडतील ती कामे करणारा मिक मिलर नावाचा गडी होता. त्याने या पिल्लाला जीव लावला, त्याला वाढवले, आणि पुढे कुत्र्याला नाव मिळाले ते या गड्याचेच. जग जिंकणाऱ्या जनावराला मालकाचे नाव न लागता गड्याचे लागावे, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा अधिक आवडते.

त्याच्या जन्मानंतर अवघ्या 25 दिवसांनी, म्हणजे 24 जुलै 1926 रोजी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर, लंबगोल मार्गावर यांत्रिक सशामागे धावणाऱ्या कुत्र्यांची पहिली शर्यत झाली. त्याआधी ग्रेहाउंडची परीक्षा मोकळ्या माळावर होत असे. दोन कुत्रे जिवंत सशामागे सोडायचे आणि कोणता अधिक चपळाईने वळतो ते पाहायचे. ओवेन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रुळावरून विजेवर पळणारा खोटा ससा आणला आणि सारा खेळच बदलला. आता कुत्रे सहा, मैदान लंबगोल, प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या रंगाचे जाकीट.

ही शर्यत असते कशी ते नजरेसमोर आणा. सहा पिंजरे एका ओळीत. ससा मागून घरघर करीत येतो, पुढून निघून जातो, झडप उघडते आणि सहाही कुत्रे एकदम उसळतात. ग्रेहाउंड नाकाने माग काढत नाही, तो डोळ्यांनी शिकार करतो. आपल्याकडे मराठवाड्यात कारवानी म्हणून जो लांब तोंडाचा, आत ओढलेल्या पोटाचा कुत्रा पाळतात, तोही याच धाटणीचा. भरधाव वेगात त्याचे शरीर धनुष्यासारखे आवळते आणि सरळ होते, आणि एका झेपेत दोन वेळा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. पण खरी गोम पुढे आहे. हे सहाही पहिल्या वळणावर एकाच वेळी पोहोचतात. प्रत्येकाचे डोळे सशावर, शेजाऱ्याकडे कोणाचेच लक्ष नाही. मग खांद्याला खांदा आपटतो, एखादा कोलमडतो, त्याच्यात दुसरा अडकतो. बहुतेक शर्यतींचा निकाल तिथेच लागतो.

मिकचे वेगळेपण नेमके इथे होते. त्याच्याहून चपळ सुटणारे कुत्रे त्याच काळात होते. मिक मात्र वळणावर गर्दी होणार हे ओळखल्यासारखा क्षणभर आवरून धरी, पुढचे एकमेकांवर आदळले की मधल्या फटीतून निघून जाई. कुत्र्याला डोके असते की नाही हा वाद विद्वानांनी घालावा. त्याला धावताना पाहणाऱ्यांना त्याविषयी शंका उरत नसे.

हे सगळे घडण्याआधीच तो दगावायचा होता. कोवळ्या वयात त्याला डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाने गाठले. त्या काळी या रोगावर लस नव्हती. डब्लिनच्या शेलबर्न पार्क मैदानावरील प्रशिक्षक आर्थर कॅलानन यांनी त्याची शुश्रूषा करून त्याला पुन्हा उभे केले.

सन 1929 मध्ये फादर ब्रॉफी त्याला लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर इंग्लिश डर्बीसाठी, म्हणजे ग्रेहाउंडच्या सर्वांत मानाच्या शर्यतीसाठी, घेऊन गेले. पहिल्याच फेरीत त्याने 525 यार्ड, म्हणजे सुमारे 480 मीटर, 30 सेकंदांच्या आत कापले. हिशेब केला तर हा वेग ताशी 58 किलोमीटरच्या घरात जातो, आणि तोही वळणे धरून. गर्दी वेडी झाली. फादरांनी तिथल्या तिथे, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरच, कुत्र्याचा लिलाव मांडला आणि अल्बर्ट विल्यम्स नावाच्या लंडनच्या बुकीने 800 गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) मोजून तो घेतला. गडी मिक मिलरला त्या क्षणी काय वाटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

अंतिम शर्यतीत पहिल्या वळणावर कुत्र्यांची टक्कर झाली. पंचांनी शर्यत रद्द ठरवली. अर्ध्या तासाने ती पुन्हा घेतली गेली आणि मिकने पॅलॅटिनस या कुत्र्याला अंगाच्या तीन लांबींनी मागे टाकले. त्यानंतर कुत्रा पुन्हा विकला गेला, या वेळी 2000 गिनींना. अरुंडेल केम्प्टन या गृहस्थांनी तो आपल्या पत्नीला भेट दिला. प्रशिक्षक म्हणून सिडनी ऑर्टन लाभले. सन 1930 मध्ये मिकने डर्बी दुसऱ्यांदा जिंकली, जी तोवर कोणी दोनदा जिंकली नव्हती. वेस्ट हॅम मैदानावरची सीझरविच ही शर्यत आणि वेल्श डर्बीही त्याच वर्षी त्याच्याकडे आली. त्याने सलग 19 शर्यती जिंकल्या. हा विक्रम मोडायला 1974 साल उजाडावे लागले.

आता 1931. मिक पाच वर्षांचा झाला होता, म्हणजे धावणाऱ्या ग्रेहाउंडच्या हिशेबाने म्हाताराच. डर्बीच्या अंतिम शर्यतीत तो मागून येऊन पहिला आला, मैदानाने जल्लोष केला, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. रायलँड आर नावाच्या कुत्र्याने धावता धावता दुसऱ्यावर हल्ला केला होता, म्हणून शर्यत रद्द. दोन वर्षांपूर्वी ज्या नियमाने त्याला डर्बी दिली, त्याच नियमाने ती काढून घेतली. लोकांनी आरडाओरडा केला, पण नियम नियम होता. थकलेल्या पायांनी मिक पुन्हा धावला आणि चौथा आला. सेल्डम लेड जिंकला. पंचांचा निर्णय योग्य होता असे मला वाटते, आणि तरीही तो भोंगा मला आजही टोचतो.

त्याच वर्षी वेम्बलीला सेंट लेजरची 700 यार्डांची शर्यत होती. लांब पल्ला, जास्त वळणे, म्हणजे मिकच्या डोक्याला अधिक वाव. ती त्याने जिंकली आणि तिथेच त्याची कारकीर्द संपवण्यात आली. पुढे तो एका चित्रपटातही दिसला. त्या काळच्या हजारो शर्यतीच्या कुत्र्यांना असे निवांत म्हातारपण मिळाले नाही, हेही इथे सांगायला हवे. पाय मंदावला की बहुतेकांची कोणी वास्तपुस्त करीत नसे.

मे 1939 मध्ये मिक गेला. त्याचे शरीर पेंढा भरून लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला देण्यात आले. आज तो त्या संग्रहालयाच्या ट्रिंग येथील शाखेत काचेमागे उभा आहे. किली गावानेही 2011 मध्ये आपल्याकडे त्याचा पुतळा बसवला.

नमस्कार.